कागद स्वस्त, हात महाग

बडोद्यातील एका मराठी कुटुंबात मागच्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस मुलीचा सातवा वाढदिवस साजरा झाला. शाळेतील व सोसायटीतील मिळून पंधरा मुले येणार होती. सजावट करून देणाऱ्याने सांगितलेला आकडा महिन्याच्या किराण्याएवढा होता. तो ऐकून मुलीची आई म्हणाली, “एवढे पैसे कशाला घालवायचे? शेवटी कागदच तर लावायचा आहे. मी करीन घरी.”

खरी मेख होती ती या ‘मी करीन’मध्ये. ती बँकेत नोकरीला. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी हे सारे आटोपून कात्री हातात यायला रात्रीचे अकरा वाजत. वाढदिवसाच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत ती एकटी साखळ्या चिकटवत बसली होती. सकाळी उठून पाहते तो डिंक नीट वाळलेला नाही आणि अर्धी साखळी जमिनीवर. मग एका हाताने पुरीभाजीची तयारी आणि दुसऱ्या हाताने स्टेपलर. पहिली पाहुणी मुले दारात आली तेव्हा तिची साडी बदलायची राहिली होती आणि केसांत कागदाचे कपटे अडकलेले होते.

सजावट सुंदर झाली होती. सर्वांनी कौतुकही केले. आठवडाभराने फोटो पाहताना मुलीने विचारले, “आई, तू एकाही फोटोत कशी नाहीस?”

अशा घरांची संख्या थोडी नाही. घरी सजावट केली की पैसे वाचतात, हे खरेच. पण कागद स्वस्त असला तरी हात महाग असतात. शंभर कड्यांच्या साखळीला लागणारा कागद थोड्या रुपयांत येतो, परंतु तिला लागणारे दीड-दोन तास कुणाच्या तरी झोपेतून काढावे लागतात. ते बहुधा आईच्याच झोपेतून काढले जातात. म्हणून कागदी सजावटीची तयारी कागदापासून नव्हे, हातांपासून सुरू करावी. घरात किती हात आहेत, कोणत्या हाताला काय जमेल आणि किती दिवस हाताशी आहेत, हे आधी ठरवावे. मग दुकानात जावे.

या घराने यंदा तेच केले. घरात माणसे पाच. आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची होणारी उत्सवमूर्ती आणि गुडघेदुखीमुळे फारशी न हिंडणारी आजी. वाढदिवस रविवारी होता. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी सगळे एकत्र बसले आणि कामे वाटून घेतली.

आधी खोली मोजावी

दुकानात रंगीबेरंगी कागद पाहिले की हात आवरत नाही. हा चांगला, तोही हवा, असे करता करता गठ्ठा घरी येतो आणि निम्मा पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर पडतो. त्याऐवजी खोलीचे माप घेऊन आकडेमोड करावी. घरातील शाळकरी मुलाला हे काम द्यावे. भूमितीचा उपयोग काय, हा त्याचा नेहमीचा प्रश्नही सुटतो.

या घराची बैठकीची खोली १२ बाय १० फूट. लांब भिंत १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर. भिंतीवर साखळी ताणून लावली तर ती दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते आणि लवकर तुटते. तिला झोळ हवा. मात्र झोळासाठी लांबी फार वाढवावी लागत नाही. भिंतीच्या लांबीपेक्षा दहावा हिस्सा अधिक घेतला आणि साखळी दोन टोकांबरोबर मध्येही एका ठिकाणी अडकवली, तर दोन्ही बाजूंना फूटभर खोल असा सुरेख झोळ पडतो. म्हणजे ३.६ मीटरच्या भिंतीला ४ मीटर साखळी पुरते. अंदाजाने दुप्पट कागद आणण्याची गरज राहत नाही.

पाहुण्यांच्या नजरेचाही विचार करावा. चारही भिंती, छत, दार, खिडक्या सगळे सजवायला गेले की काम चौपट होते आणि नजर कुठेच ठरत नाही. ज्या भिंतीपुढे केकचे टेबल असेल ती भिंत मुख्य. फोटोत तीच येते. तिच्यावर निम्मी सजावट करावी. दारावर एक पताकांची माळ, समोरच्या भिंतीवर एक साखळी, एवढ्यात खोली भरते.

कोणता कागद कशासाठी

पतंगी कागद पातळ, हलका आणि किंचित पारदर्शक असतो. खिडकीपाशी लावला की उजेडात रंग खुलतो. पताका व झिरमिळ्या यांसाठी तो उत्तम. परंतु ओल लागली की तो आक्रसतो, म्हणून त्याला खळ अगदी पुसट लावावी.

दोन्ही बाजूंनी रंग असलेला साधा ए-फोर आकाराचा कागद घडी धरून ठेवतो. साखळ्या आणि चक्रे त्याचीच करावीत. एका बाजूला रंग व दुसरी बाजू पांढरी असा घोटीव कागद साखळीला घेतला, तर प्रत्येक कडीची पांढरी बाजू डोकावते.

क्रेप कागदाला सुरकुत्या असतात आणि तो एका दिशेने ताणला जातो. फुलांसाठी त्याच्यासारखा दुसरा कागद नाही. मात्र पाणी लागताच त्याचा रंग सुटतो. सरबताच्या पेल्याजवळ किंवा पांढऱ्या टेबलक्लॉथवर तो पसरू नये; डाग सहज निघत नाही.

टोप्यांसाठी कार्डपेपर हवा. चमकीचे आणि आरशासारखे चकाकणारे कागद पाहायला छान वाटतात. पण त्यांपैकी बहुतेकांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यांना खळ धरत नाही आणि रद्दीतही ते चालत नाहीत.

या घराला पतंगी कागद विकत घ्यावाच लागला नाही. बडोद्याला उत्तरायण म्हणजे पतंगांचा उत्सव. १४ आणि १५ जानेवारी उलटले की प्रत्येक गच्चीवर फाटक्या पतंगांचा ढीग उरतो. मुलाने सोसायटीच्या गच्चीवरून असे आठ पतंग गोळा करून आणले. त्यांचा धड राहिलेला कागद पताकांना आला आणि बांबूच्या कामट्या फुलांच्या देठांना. पतंगाला राहिलेला मांजा मात्र आईने आधीच कात्रीने काढून, कागदात गुंडाळून टाकून दिला. मांजाला काचेचा थर असतो. त्यावर माळ ओवण्याचा मोह कधीही करू नये. मुलांच्या बोटांना आणि गळ्याला त्यापासून इजा होते.

घरची खळ

बाजारातील डिंकाची बाटली संपत आली की ती नेमकी रात्री दहा वाजता संपते. त्यापेक्षा घरी खळ करावी. दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा. त्यात आणखी एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण चकचकीत व दाटसर झाले की उतरवावे. गार झाल्यावर वापरावे. उरलेली खळ फ्रीजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशीही चालते. आंबूस वास आला की टाकून द्यावी.

वही-पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला कीड लागत नाही. मोरचूद विषारी असते. मुले खळीची बोटे तोंडात घालतात, हे लक्षात ठेवून घरच्या खळीत ते कधीच घालू नये. सजावट चार दिवसांची असते, तिला कीड लागायला वेळच नसतो.

साखळी : धाकट्या हातांचे काम

सहा-सात वर्षांच्या मुलांना साखळी सहज जमते. ए-फोर कागद २१ सें.मी. रुंद व २९.७ सें.मी. लांब असतो. त्याच्या रुंदीएवढ्या लांबीच्या, २.५ सें.मी. रुंद पट्ट्या कापल्या तर एका कागदातून ११ पट्ट्या निघतात. पट्टीच्या टोकाला १ सें.मी. खळ लावून कडी मिटवावी. पुढची पट्टी त्या कडीतून ओवून मिटवावी. अशी एक कडी साखळीची लांबी सुमारे ६ सें.मी.ने वाढवते. म्हणजे ६ कागदांतून ६६ कड्या आणि ६६ कड्यांतून जवळपास ४ मीटर साखळी. वर काढलेले माप बरोबर जुळते.

पट्ट्या कापण्याचे काम मोठ्याने करावे, चिकटवण्याचे लहानाने. पट्टीने रेघा मारून दिल्या तर कापही सरळ येतो. कडी चिकटवल्यावर जोड दहापर्यंत आकडे मोजत दाबून धरावा, असे मुलाला सांगावे. या घरातील मुलगी दहाऐवजी वीसपर्यंत मोजत असे, कारण शाळेत नुकतेच वीसचे पाढे सुरू झाले होते. रोज संध्याकाळी अर्धा तास याप्रमाणे चार दिवसांत तिच्या दोन साखळ्या पूर्ण झाल्या.

एक पथ्य मात्र पाळावे. मुलाच्या हातची कडी लहानमोठी झाली, रंगांचा क्रम चुकला, तरी ती रात्री गुपचूप सोडवून नीट करायला बसू नये. यंदा चौथ्या दिवशी आईचा हात तसा पुढे गेला होता. आजी म्हणाली, “अगं, राहू दे. तिचं तिला बरोबर ओळखू येईल.” सकाळी मुलीने साखळी उचलून पहिले काय केले असेल, तर लागोपाठ आलेल्या दोन लाल कड्या भावाला दाखवल्या. “या मी मुद्दाम केल्यात,” असे तिचे म्हणणे होते.

पताका : दोन घड्यांचे काम

पतंगी कागदाचे १५ सें.मी.चे चौकोन कापावेत. चौकोन कोनाकोनी दुमडला की त्रिकोण होतो. घडीच्या आत दोरा ठेवून मधल्या भागाला खळीचे पुसट बोट फिरवावे आणि दोन्ही पदर मिटवावेत. पताका तयार. यात कागदाचा तुकडाही वाया जात नाही. त्रिकोणाची वरची बाजू सुमारे २१ सें.मी. होते, दोन पताकांत ४ सें.मी. अंतर ठेवले तर एका मीटरला चार पताका बसतात. ४ मीटरच्या दोन माळांना ३२ पताका लागल्या. प्रत्येक फाटक्या पतंगातून चार चौकोन निघाले आणि आठ पतंगांत काम भागले.

दोरा शिवणाचा जाड किंवा सुतळीसारखा खरखरीत घ्यावा. नायलॉनच्या गुळगुळीत दोऱ्यावर पताका घसरून एका टोकाला गोळा होतात. दोन्ही टोकांना हातभर मोकळा दोरा ठेवावा, नाहीतर बांधताना शेवटच्या दोन पताका फाडाव्या लागतात. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शाळेच्या वर्गात ज्यांनी पताका चिकटवल्या आहेत, त्यांना हे सारे ठाऊक असेल. या घरातील वडिलांना ते होते. “मला काही येत नाही” असे म्हणत बसलेला हा गृहस्थ पताकांचे नाव निघताच बाह्या सरसावून पुढे आला.

चक्रे : मुख्य भिंतीचा साज

केकच्या टेबलामागे फुगे लावण्याची पद्धत आहे. त्यांच्या जागी कागदी चक्रे लावली तर ती फुटत नाहीत आणि तान्ही मुले दचकत नाहीत. एका मोठ्या चक्राला दोन ए-फोर कागद लागतात. कागद आखूड बाजूने समोर धरून दीड-दीड सें.मी.च्या पुढे-मागे घड्या घालत पंखा करावा. घड्यांची पट्टी मध्यावर दोऱ्याने घट्ट बांधून दोन्ही बाजू वर वळवाव्यात आणि मधल्या दोन कडा एकमेकींना चिकटवाव्यात. अर्धे वर्तुळ तयार होते. दुसऱ्या कागदाचे अर्धे वर्तुळ त्याला जोडले की २१ सें.मी. व्यासाचे चक्र पूर्ण झाले. मध्ये वेगळ्या रंगाची रुपयाएवढी चकती डकवावी.

घडी नखाने दाबून पक्की केली नाही तर चक्र ढेपाळते. चमच्याच्या पाठीने घासल्यास घडी धारदार येते. अर्धे-अर्धे कागद घेतले तर त्याच पद्धतीने लहान चक्र होते. तीन मोठी आणि चार लहान अशी सात चक्रे १० कागदांत होतात. ती एका रांगेत न लावता मोठ्यांच्या आजूबाजूला लहान अशी लावावीत. किशोरवयीन मुलाला असे काम द्यावे. साखळी त्याला बाळबोध वाटते. पण मोजून घडी घालण्यात त्याचा अभिमान जागा होतो.

फुले : बसल्या जागेचे काम

घरातील वडीलधाऱ्या माणसांना अशा वेळी “तुम्ही आराम करा” असे सांगून बाजूला बसवले जाते. त्यात प्रेम असते, पण त्यांना ते लागतेही. या घरातील आजीच्या हाताला वळण होते. दिवाळीचा करंज्यांचा आकाशकंदील ती माहेरी भावंडांबरोबर करीत असे. आता नजर मंद झाली, कात्री सरळ चालत नाही. परंतु क्रेपचे फूल डोळ्यांपेक्षा बोटांनीच अधिक होते.

क्रेप कागदाच्या ८ सें.मी. उंच आणि ५ सें.मी. रुंद अशा आठ पाकळ्या नातवाने कापून दिल्या. कापताना कागदावरील सुरकुत्या पाकळीत उभ्या यायला हव्यात. मग पाकळीचा मध्य दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच आडवा ताणला की तिला वाटीसारखा खोलगटपणा येतो. सुरकुत्या आडव्या आल्या तर कितीही ताणले तरी पाकळी खोल होत नाही. वरची कडा काडीवर गुंडाळून किंचित मागे वळवावी. पिवळ्या कागदाच्या झिरमिळ्या कामटीच्या टोकाला बांधून पराग करावा, त्याभोवती एकेक पाकळी दोऱ्याने आवळत जावी आणि शेवटी देठावर हिरवी पट्टी तिरकी गुंडाळावी. आजीने टीव्हीवरची मालिका ऐकता ऐकता तीन दुपारींत बारा फुले केली. कापून देणारे कुणी असले की हे काम खुर्चीवर बसून होते, आणि गुडघ्यांची तक्रारही त्या तीन दुपारी कुणाच्या कानावर आली नाही.

टोप्या : वाया न जाणारे माप

कार्डपेपरवर १६ सें.मी. त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढावे. कंपास नसेल तर पेन्सिलीला दोरा बांधून काढता येते. दोन सरळ कडा ३ सें.मी. एकमेकींवर आणून चिकटवल्या की सुमारे १४ सें.मी. उंचीची टोकदार टोपी होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ती वर बसते आणि हनुवटीखालच्या इलॅस्टिकने टिकते. कार्डपेपरच्या साधारण ५० बाय ७५ सें.मी.च्या तावातून अशा सहा टोप्या निघतात. पंधरा पाहुण्यांसाठी आणि घरच्या दोघांसाठी तीन ताव पुरले, वर एक टोपी उरली. ती आजीने घातली.

टोप्या रंगवून ठेवू नयेत. कोऱ्या टोप्या, खडू आणि कपटे टेबलावर मांडावेत आणि आलेल्या प्रत्येक मुलाने आपली टोपी आपण सजवावी. समारंभाची पहिली वीस मिनिटे नेहमी अवघड जातात. काही मुले आलेली, काही यायची, लवकर आलेली पलंगावर उड्या मारणारी. हा वेळ टोप्यांत छान जातो.

लावताना आणि लावल्यावर

सजावट आदल्या दिवशी दुपारी लावावी. त्याच सकाळी लावायला घेतली की सारा ताण स्वयंपाकघरावर येतो. पारदर्शक चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो, म्हणून मास्किंग टेप वापरावी. शक्य तिथे खिडकीचे गज, पडद्याची दांडी, कपाटाची मूठ यांनाच दोरा बांधावा. स्टुलावर चढणाऱ्याच्या शेजारी दुसऱ्याने उभे राहावे.

छताच्या पंख्याला काहीही बांधू नये, आणि पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचेल अशी माळ त्याच्या जवळपासही नको. जानेवारीत प्रश्न येत नाही. पण एप्रिल-मेमधील वाढदिवसाला पंखा लागणारच. सजावट झाली की पंखा पूर्ण वेगाने दहा मिनिटे लावून पाहावा. जे निसटायचे ते तेव्हाच निसटते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद आणि ज्योत यांची गाठ पडू देऊ नये. आपल्याकडे वाढदिवसाला औक्षण असते, निरांजन असते, केकवर मेणबत्त्या असतात. भोवती पंधरा मुले ढकलाढकली करीत असतात. पतंगी आणि क्रेप कागद क्षणात पेट घेतो. औक्षणाच्या पाटावर आणि केकच्या टेबलावर लोंबणारे काहीही नसावे. ज्योतीच्या चारही बाजूंना व वर किमान मीटरभर मोकळी जागा राखावी. म्हणूनच चक्रे भिंतीला घट्ट चिकटवलेली बरी आणि टेबल भिंतीपासून थोडे पुढे ओढलेले बरे. टोप्यांच्या झिरमिळ्या कपाळावर लोंबत असतील तर मेणबत्ती विझवायला वाकणाऱ्या मुलाची टोपी आधी काढून ठेवावी. डब्यातून फेसाचा फवारा उडवण्याची टूम मेणबत्त्या पेटलेल्या असताना तर अजिबात नको. अनेक फवाऱ्यांतील वायू पेट घेणारा असतो. विजेच्या माळा एलईडीच्या घ्याव्यात, कारण त्या कमी तापतात. तरीही दिव्यांवर किंवा प्लगवर कागद गुंडाळू नये. बाल्कनीत किंवा मोरीत पाण्याची बादली भरून ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे.

थर्मोकोलचे दिवस गेले

पूर्वी घरगुती सजावट म्हटले की थर्मोकोलची अक्षरे आणि कमानी येत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तूंवर बंदी आली त्यांत सजावटीचे थर्मोकोल, प्लॅस्टिकचे झेंडे आणि फुग्यांना लावण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांचाही समावेश होता. तेव्हा नावाची अक्षरे हवी असतील तर ती जुन्या पुठ्ठ्याची कापून वर कागद डकवावा. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा त्यासाठी योग्य जाडीचा असतो.

दूर कुठे पाहायचे म्हटले तर मथुरा-वृंदावनात कागद कापून नक्षी करण्याची सांझी नावाची कला आहे. तिच्यात नुसत्या कात्रीच्या कौशल्यावर मोर, गाई, कदंबाची झाडे उमटतात. घरच्या सजावटीने तिथवर पोहोचण्याची गरज नाही. पण कागद आणि कात्री याखेरीज काहीही नसताना किती करता येते, याची कल्पना तिच्यावरून येते. रद्दीच्या कागदाच्या चार घड्या घालून कोपरे कापून पाहावेत. उघडल्यावर काय निघते ते पाहण्याची गंमत मुलांना आठवडाभर पुरते.

वेळेचे गणित

रविवारी मोजणी, खरेदी आणि सर्व कापकाम. सोमवार ते गुरुवार रोज अर्धा तास ज्याचे त्याचे काम. शुक्रवार राखीव, कारण एखाद्या दिवशी कुणाला ताप येतो, कुणाची चाचणी परीक्षा निघते. शनिवारी दुपारी लावणे. रविवारी सजावटीचे एकही काम नाही. हे वेळापत्रक फ्रीजच्या दारावर लावावे आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावे. आईचे नाव जिथे आहे तिथेच असावे. उरलेले सगळे तिचे, असा अर्थ होऊ नये.

या घराच्या कागदावर आईच्या नावापुढे दोनच कामे होती. खळ करणे आणि नजर ठेवणे. दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण गेले. बुधवारी वडिलांच्या पताकांचे अंतर कमीजास्त झाले होते, गुरुवारी मुलाचे एक चक्र वाकडे झाले. दोन्ही वेळा ती कात्री घ्यायला उठली आणि पुन्हा बसली. शुक्रवारी रात्री साडेदहाला ती झोपली. वाढदिवसाच्या आधी असे कधी झाले नव्हते.

समारंभ संपल्यावर

पाहुणे गेले की सजावट ओरबाडून काढू नये. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने सोडवावी. चक्रांची एक चिकटवलेली कडा सोडवली की ती पंख्यासारखी मिटतात आणि शर्टाच्या खोक्यात मावतात. पताकांच्या माळा पुठ्ठ्यावर लोकरीसारख्या गुंडाळाव्यात. फुले उभी ठेवावीत. खळीच्या गोडीने झुरळे व वाळवी येते, म्हणून खोके माळ्यावर न टाकता कोरड्या कपाटात ठेवावे आणि आत कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत. साखळ्या टिकत नाहीत; त्या रद्दीत द्याव्यात. मैद्याच्या खळीने चिकटवलेला साधा कागद रद्दीत चालतो.

खोक्यावर एक चिठ्ठी मात्र जरूर चिकटवावी. काय किती लागले, काय उरले, काय कमी पडले. पुढच्या वर्षी तीच यादी उपयोगी येते. बडोद्याच्या या घरातील चिठ्ठी मुलाने लिहिली. साधे कागद २२, कार्डपेपर ३, क्रेप २, फाटके पतंग ८. खाली धाकटीने आपल्या अक्षरात भर घातली होती : ‘आई फोटोत ५ वेळा.’